गोक्यो (नेपाळ): दोघी, गाईडशिवाय, ४० हजारात. जमेल का?

रानजाई | १२ जून

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मैत्रीण (दोघी तिशीतल्या, नाशिक) गोक्योला जायचं म्हणतोय. एव्हरेस्ट बेस कॅम्पला सगळेच जातात म्हणून नाही, खरं सांगायचं तर एका ऑफिसमधल्या बाईच्या स्क्रीनसेव्हरवर तो तलाव बघितला आणि डोक्यातून जाईना. तलावाच्या काठावर दहाबारा लॉज, मागे पांढरे डोंगर आणि बाजूला म्हणे नेपाळमधली सगळ्यात लांब हिमनदी. सह्याद्रीत भरपूर फिरलोय, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने केलाय, अलंग-मदन-कुलंग झालाय, त्यामुळे चालायची भीती नाही. बजेट माणशी ४० हजार, घरापासून घरापर्यंत. सुट्टी १४ दिवस. गाईड-पोर्टर न घेता, लुक्लाचं (तिथल्या डोंगरातल्या विमानतळाचं) विमान न घेता जमेल का? कृपया "एजन्सीबरोबर जा" सोडून काहीही सुचवा :)

चहाबाज | १२ जून

वाचतोय. मलाही जायचंय, बायकोला अजून सांगितलं नाहीये.

डोंगरकपारी | १३ जून

रानजाई, मी दोनदा गेलोय, एकदा विमानाने आणि एकदा रस्त्याने, म्हणून स्पष्टच सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. ४० हजार थोडे कमी आहेत पण ते जमवता येईल, १४ दिवस मात्र अजिबात जमणार नाहीत. दोनातलं एक निवडा, लुक्लाला उडा आणि पैसे घाला, नाहीतर जीपने जा आणि दिवस घाला. पैसेही वाचवायचे आणि दिवसही असं केलं की माणूस माछेर्मोला (गोक्योच्या अलीकडचा मुक्काम) डोकं धरून बसतो. हे ऐकीव नाही, पहिल्या खेपेला मीच बसलो होतो.

रस्त्याने म्हणजे असं, काठमांडूहून शेअर जीप पहाटे सुटते, सल्लेरीला पोचेपर्यंत दिवस संपतो. तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी लोकल जीप. रस्ता दरवर्षी थोडा थोडा पुढे सरकतोय, त्यामुळे जीप नेमकी कुठवर जाते ते सल्लेरीतच विचारायचं, नेटवरचं जुनं वाचून जाऊ नका. जीप सोडते तिथून चालत सुर्के, तिथून चौरीखर्कावरून थेट फाकडिंगच्या वाटेला लागता, लुक्ला वरच राहतं. पूर्वी लोक जिरीपासून चालायचे, लुक्लापर्यंतच आठवडा जायचा, त्यामानाने हे पुष्कळ बरं.

विमानाचं म्हणाल तर ऐन सीझनमध्ये बरीचशी विमानं काठमांडूहून उडतच नाहीत, रामेछापहून उडतात, म्हणजे रात्री एक-दीडला गाडीत बसून चार-पाच तास धक्के खायचे आणि मग वीस मिनिटांचं विमान. त्यात ढग आले की बसा दोन दिवस. तेव्हा विमानाने वेळ वाचतोच असंही नाही.

हिशोबी_माणूस | १३ जून

ट्रेनचं मी सांगतो. कुशीनगर एक्सप्रेस कुर्ल्याहून सुटून नाशिकवरून गोरखपूरला जाते, तुम्हाला घरच्या अंगणातूनच गाडी. स्लीपरचं तिकीट वेळेत काढा. गोरखपूरहून बसने सुनौली, तीनेक तास. सीमा चालत ओलांडायची आणि पलीकडून काठमांडूची रात्रीची बस.

पैशाचं गणित एकदम सोपं, भारतीय १०० म्हणजे नेपाळी १६०, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे त्यामुळे घासाघीस करायची गरज नाही. शंभराच्या नोटांचं एक बंडल न्या. नामचेला (वाटेतलं मोठं गाव) एटीएम आहे पण मशीन बंद किंवा रिकामं असलं तर काय करणार, सगळी रोकड काठमांडूतच काढून घ्या. नामचेच्या वर एटीएम विसरा.

आणि ओळखपत्र!!! आधार चालत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार कार्ड, ओरिजिनल. आधार फक्त १५ च्या आतल्या आणि ६५ च्या वरच्यांना. सुनौलीला कुणी विचारणार नाही कदाचित, पण पुढे परमिटला आणि विमानाला अडकाल.

काठमांडूकर | १४ जून

मी पुण्याची, लग्न होऊन गेली अकरा वर्षं काठमांडूत. दोन गोष्टी सांगते.

परमिट दोन लागतात. एक सगरमाथा नॅशनल पार्कचं, त्यात सार्क देशांना सवलत आहे, बाकीच्या परदेशींना ३००० नेपाळी आणि आपल्याला १५००, वर १३ टक्के व्हॅट. मोंजोच्या गेटवरच मिळतं. कार्ड दाखवून "इंडियन" म्हणून आधीच सांगायचं, नाहीतर गर्दीत पूर्ण पैशाची पावती फाडतात आणि मग परत लाईन. दुसरं खुंबूचं, म्हणजे या भागाच्या स्थानिक पालिकेचं (खुंबू पासाङल्हामू गाउँपालिका), ते वाटेवरच्या चौकीवर. (पासाङ ल्हामू म्हणजे एव्हरेस्टवर चढलेली पहिली नेपाळी बाई, १९९३ साली. उतरताना गेली बिचारी. इथे तिच्याबद्दल फार आदराने बोलतात.)

गाईडचं म्हणाल तर २०२३ च्या एप्रिलपासून परदेशी ट्रेकर्सना गाईड सक्तीचा केला, पण खुंबूच्या स्थानिक पालिकेने तो नियम तिथे लावला नाही. निघायच्या आधी एकदा खात्री करून घ्या, इथे नियम बदलायला वेळ लागत नाही.

रानजाई, काठमांडूत काही अडलं तर विपू करा (माझ्या विचारपुशीत लिहा). ढिडो (इथली पिठाची उकड) खायला घरी या.

सह्यवेडा | १५ जून

१४ दिवसात नक्की होतं, घाबरवू नका हो उगाच. आमच्या ग्रुपमधला एक जण लुक्ला ते गोक्यो चार दिवसात गेलाय. फिटनेस पाहिजे फक्त. आणि खोलीचं भाडं द्यायचंच नाही, जेवतो म्हटलं की फुकट देतात, आम्ही तर एका ठिकाणी जेवणावरही डिस्काऊंट घेतला होता. बरोबर शेगडी न्यायची आणि मॅगी करायची, पैसे वाचतात.

गोळीवाला | १५ जून

सह्यवेडा, तुमचे मित्र नशीबवान. पेशाने डॉक्टर आहे म्हणून लिहितो. फिटनेसचा आणि उंची सोसण्याचा काडीचा संबंध नाही. उलट फिट माणूस जास्त भराभर चढतो आणि जास्त लवकर आडवा होतो. सह्याद्रीचा अनुभव पायांना उपयोगी, फुप्फुसांना नाही. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. दोन कळसूबाया एकमेकींच्या डोक्यावर उभ्या केल्या तरी नामचे (३४४०) त्यांच्या वरच राहतं. गोक्यो ४७९० च्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिसरी.

नियम साधा आहे, ३००० च्या वर रोज झोपायची जागा ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर काढायचा. गोक्योची वाट यासाठी फसवी आहे. अंतरं छोटी, नामचेहून सकाळी निघालेला माणूस दुपारी डोलेला (४१००) आरामात पोचतो, अजून उजेड असतो, पाय म्हणतात चला पुढे. इथेच लोक चुकतात. नामचे, फोर्त्से टेंगा, डोले, माछेर्मो, गोक्यो असे मुक्काम पाडा, दुपारी एकला पोचून नुसतं बसायची वेळ आली तरी बसा. डोकेदुखी, मळमळ सुरू झाली तर वर जायचं नाही, वाढत गेली तर खाली यायचं. चालताना झोक जात असेल किंवा बसल्या जागी दम लागत असेल तर रात्र असली तरी खाली. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) आपल्या डॉक्टरला विचारून घ्या, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. आणि ६००० मीटरपर्यंत हेलिकॉप्टर रेस्क्यू कव्हर करणारा इन्शुरन्स काढा, ४० हजारातले ते पैसे कापू नका.

डोंगरकपारी | १५ जून

गोळीवाला +१००.

आणि शेगडी-मॅगीबद्दल. खोली स्वस्त असते कारण लॉजवाले जेवणावर कमावतात, तो अलिखित करार आहे. वर भाजी, तांदूळ, गॅस सिलिंडर सगळं माणसाच्या नाहीतर खेचराच्या नाहीतर याकच्या पाठीवरून येतं. अशा ठिकाणी कोपऱ्यात बसून आपली मॅगी शिजवणं म्हणजे लग्नाच्या पंगतीत घरचा डबा उघडणं. स्वस्तात राहायचं तर डाळभात खा, पुन्हा पुन्हा वाढतात, तिथल्या टीशर्टवर लिहिलेलंच असतं "डालभात पॉवर २४ आवर". पिझ्झा, याक स्टेक मागवू नका, वर मांसही चालत आलेलं असतं किती दिवसांचं कोण जाणे. पैसे जातात ते भलतीकडेच, गरम पाण्याची अंघोळ, मोबाईल चार्जिंग, वायफाय कार्ड, बाटलीबंद पाणी. पॉवर बँक न्या, क्लोरीनच्या गोळ्या न्या, अंघोळ नाशिकला करा.

सह्यवेडा | १६ जून

बरं बाबा, हलके घ्या. मी आपला अनुभव सांगितला.

चहाबाज | १६ जून

अनुभव मित्राचा होता ना? :P

रानजाई | २ जुलै

सगळ्यांचे आभार. दोन आठवडे भांडण चालू होतं (आमचं आमच्यात). निर्णय असा झालाय की ऑक्टोबरात जायचं म्हणत होतो ते रद्द. माझी नवीन नोकरी डिसेंबरात सुरू होतेय, मैत्रिणीचं शिवणकामाचं दुकान आहे, दिवाळी झाली की तिला तसंही काम कमी. म्हणजे दिवाळी झाल्या झाल्या निघायचं, २६-२७ दिवस हाताशी. बजेट वाढवून ५० केलंय, त्याच्यावर गेलं तर घरी उपासमार.

अवांतर: मेतकूट नेलं तर चालेल ना? तो पंगतीतला डबा ठरेल का??

डोंगरकपारी | २ जुलै

मेतकुटाला माफी आहे. मलाही पाठवा.

पेन्शनर | ३ जुलै

नोव्हेंबर उत्तम, आकाश स्वच्छ. थंडी मात्र बेक्कार. तरी हवामानाचा अंदाज रोज बघत राहा, १९९५ च्या नोव्हेंबरात याच खोऱ्यात पांगाला अचानक प्रचंड बर्फ पडून हिमस्खलनात एक जपानी ट्रेकर्सचा गट लॉजसकट गाडला गेला होता. घाबरवायला नाही लिहीत, पण "नोव्हेंबर म्हणजे सेफ" हे डोक्यातून काढा. स्लीपिंग बॅग आणि डाऊन जॅकेट विकत घेऊ नका, ठमेलमध्ये (काठमांडूतला ट्रेकर्सचा बाजार) भाड्याने मिळतं. घेताना चेन दहा वेळा वरखाली करून बघा.

रानजाई | ८ डिसेंबर

आलो!! दोघी, दहाही बोटं शाबूत. धागा वर काढतेय कारण ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांचं देणं लागतो. सविस्तर लिहायचं ठरवलं होतं पण नोकरी सुरू झालीय, तेव्हा आठवेल तसं.

सल्लेरीपर्यंतची जीप. बारा माणसं, दोन कोंबड्या, एक टीव्ही. टीव्ही माझ्या मांडीवर. दुसऱ्या दिवशीच्या जीपने ठामडांड्याला सोडलं, तिथून पायी. पहिले दोन दिवस म्हणजे खेचरं, खेचरं आणि खेचरांचं शेण. गळ्यातल्या घंटा लांबून ऐकू येतात, आल्या की डोंगराच्या अंगाला उभं राहायचं, दरीच्या अंगाला चुकूनही नाही, सिलिंडर लादलेलं जनावर पोटाला घासत गेलं की कळतं का ते. ही वाट कुणी फोटोत दाखवत नाही, पण मला आवडली, ट्रेकर जवळजवळ नाहीतच, चहा नामचेच्या निम्म्या किमतीत आणि घरातल्या आज्या आपल्याकडे बघून खुदुखुदू हसतात.

नामचेला एक दिवस जास्त काढला. मोंजोच्या गेटवर "इंडियन" म्हणायला विसरले नाही, काठमांडूकर ताई धन्यवाद, १६९५ घेतले.

फोर्त्से टेंगाला दुपारी बाराला पोचलो. गोळीवाला, तुमचं नाव घेऊन बसून राहिलो, समोरून पाठीवर एवढाल्या सॅक घेतलेले लोक पुढे जात होते आणि आम्ही दोघी उन्हात चकली खात. (फराळ नेला होता. चिवड्याचा भुगा झाला, चकली टिकली, बेसनाचे लाडू दगड. लॉजच्या दिदीला दोन लाडू दिले, तिने चुलीजवळ ठेवून मऊ केले, हे आम्हाला सुचलं नव्हतं.)

इतकं सगळं पाळून माछेर्मोला माझं डोकं धरलंच. संध्याकाळी जेवणाच्या खोलीत याकच्या शेणाच्या गोवऱ्यांची शेगडी पेटली, सगळे तिच्याभोवती, आणि मला डाळभाताचा वासही नको झाला. मैत्रीण म्हणाली रात्र काढू, मी म्हटलं ठीक आहे मी, उद्या तर गोक्यो, पाच-सहा किलोमीटर फक्त. सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले तर उलटी. मैत्रिणीने काहीही न बोलता माझी सॅक उचलली आणि उलट्या दिशेला चालायला लागली. मी मागून रडत. खरंच रडत हो, रागाने. डोलेला पोचेपर्यंत भूक लागली होती, दुपारी दोन ताटं डाळभात खाल्ला. एवढंच, चारेकशे मीटर खाली आणि माणूस परत माणूस. १४ दिवसांचा प्लॅन असता तर मी त्या दिवशी वरच गेले असते, हे मला पक्कं माहितीये, कारण परतीचं तिकीट डोळ्यासमोर नाचलं असतं.

एक दिवस गेला, काय बिघडलं. दुसऱ्या दिवशी परत माछेर्मो, मग गोक्यो.

आता तलाव. वाटेत पहिला तलाव छोटासा, दुसरा बरा, दोन्हीच्या वेळी वाटलं एवढ्यासाठी? मग एक चढ, आणि तिसरा, तोच दूधपोखरी, गाव त्याच्याच काठाला. रंग सांगता येत नाही, आमच्याकडे पैठणीत एक मोरपंखी असतो तो उन्हात धरल्यावर जसा दिसेल तसा. कडेला बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता आणि पाणी हललं की तो काचेच्या बांगड्यांसारखा किणकिणायचा. पाण्यात बदकांची एक जोडी, नारिंगी अंगाची. मैत्रीण ओरडली, अगं हे आपले चक्रवाक! नांदूरमध्यमेश्वरला हिवाळ्यात येतात तेच. आम्ही इतके दिवस धडपडत आलो आणि हे नाशिकला निघालेत. पाण्यात पाय घालू नका, तलाव पवित्र मानतात, श्रावणी पौर्णिमेला, म्हणजे आपल्या नारळी पौर्णिमेला, तिथे नेपाळभरातून लोक स्नानाला येतात.

हिमनदीची मात्र फजिती झाली. लॉजच्या मागे मातीदगडाचा उंच बांध आहे, पंधरा-वीस मिनिटं चढून वर गेलो आणि समोर न्गोझुंपा. मला पांढरी चकचकीत नदी अपेक्षित होती. तर समोर खडी क्रशर! करडी, धुळकट, मैलोनमैल दगडांचे ढीग. एक जर्मन काकाही तोंड पाडून उभे होते. मग आम्ही तिथेच बसलो म्हणून कळलं. शांत बसलं की आवाज येतात, कुठेतरी दगड घरंगळतो, थोड्या वेळाने "डुबुक". दगडांच्या मधे हिरवी डबकी आहेत आणि त्यांच्या काठाला बर्फाची काळीनिळी भिंत उघडी पडलेली, तिच्यातून दगड सुटतात. म्हणजे बर्फ सगळा खाली आहे, वर नुसतं दगडाचं पांघरूण. लॉजवाला म्हणाला थांगनाकला (हिमनदीपलीकडचा मुक्काम) जायची वाट दरवर्षी बदलावी लागते, कारण खालचा बर्फ वितळून जमीनच जागेवर राहत नाही. तो लहानपणी बांधावरून बघायचा तेव्हा दगडांची पातळी पुष्कळ वर होती म्हणे, हाताने दाखवलं त्याने. तासभर बसलो असू. गोक्यो री (गावाजवळचं शिखर) पेक्षा मला हेच जास्त आठवतंय.

गोक्यो री (५३५७) पण केली. सगळे पहाटे चारला डोक्याला दिवे लावून जातात, आम्ही दुपारी गेलो, कारण एव्हरेस्ट पूर्वेला आहे, सकाळी सूर्य त्याच्या मागून येतो आणि डोंगर नुसता काळा दिसतो. संध्याकाळी सगळा उजेड त्याच्या तोंडावर. तीन तास लागले वर जायला, दहा पावलं आणि थांबा. एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू, चो ओयू चारही दिसले. सूर्य गेला तसा एव्हरेस्ट एकटाच केशरी राहिला, बाकी सगळं निळं. मग अंधारात उतरताना माझ्या बॅटरीने दम सोडला (सेल थंडीने मेले, खिशात अंगाशी ठेवायला हवे होते), एका दिव्यात दोघी. हे करू नका.

खर्च: माणशी ५३ हजार ६००. वरचा मुक्काम-जेवण १६ रात्रींचे ३३ हजार, तिथेच सगळं जातं, बाकी सगळ्यात मिळून २० च्या आसपास, इन्शुरन्स धरून. अंघोळ एकदाच, नामचेला. बजेट ओलांडलं, घरी उपासमार चालू आहे.

गोळीवाला | ८ डिसेंबर

तुमच्या मैत्रिणीला माझा नमस्कार सांगा.

डोंगरकपारी | ८ डिसेंबर

मी दोनदा जाऊन त्या बांधावर पाच मिनिटंसुद्धा बसलो नव्हतो. दोन्ही वेळा फोटो काढून खाली. आता तिसऱ्यांदा जाणं आलं.

पाचव्या तलावाला गेलात का? तिथूनही एव्हरेस्ट मस्त दिसतो आणि चढ नाही फारसा.

रानजाई | ९ डिसेंबर

नाही हो, तो दिवस डोलेला खर्च झाला ना.

काठमांडूकर | ९ डिसेंबर

आणि ढिडो आवडला की नाही ते लिहिलंच नाहीस!

रानजाई | ९ डिसेंबर

ताई, नाचणीच्या उकडीसारखा लागला, आईला फोन करून सांगितलं तर म्हणाली घरी केली की नाक मुरडायचीस.

चहाबाज | ११ डिसेंबर

बायकोला सांगितलं. ती म्हणाली ती आणि तिची बहीण जाणार, मी मुलांना सांभाळायचं. स्लीपिंग बॅगचं डिपॉझिट किती घेतात ठमेलला?

रानजाई | ११ डिसेंबर

आधी पैसे मागितलेच नाहीत, मैत्रिणीचं मतदार कार्ड ठेवून घ्यायला निघाला होता. ते देऊ नका, पुढे परमिटला लागतं! पाच हजार नेपाळी रोख ठेवले, परत आल्यावर मिळाले. आणि पेन्शनर काकांनी सांगितलेलं चेनचं खरं आहे, आम्ही तिसरी बॅग घेतली.